खाली चढे छे

डॉक्टर झवेरी विचारतात,
"बेन, हाथमां खाली चढे छे?"
मी म्हणते, मुंग्या येतात.
ते हसतात. एकच की.

एकच नाही हो.
आमच्यात मुंग्या येतात, म्हणजे कुणीतरी येतं,
कोपरापासून करंगळीपर्यंत, रांगेनं,
वाटेत साखर सांडल्यासारखं.
तुमच्यात रिकामपण चढतं,
विश्वामित्रीचं पाणी पुलाला चढतं तसं,
रात्रीतून, आवाज न करता.

पहिली दोन वर्षं मराठी होती.
आता गुजराती सुरू झालंय.

रावपुऱ्यातल्या सहकारी बँकेत एकतीस वर्षं
ग्रॅनाइटच्या काउंटरवर उजवं कोपर टेकून
लोकांच्या सह्या ताडल्या.
दगडाचं काही झिजलं नाही.

तारा लावून, झटके देऊन कळलं :
करंगळी, आणि अनामिकेचं अर्धं.
अर्धं म्हणजे?
त्यांनी बॉलपेननं बोटाच्या मधोमध उभी रेघ ओढली.
इकडचं या नशीचं. तिकडचं दुसरीचं, ते ठीक आहे.
घरी येऊन रेघ धुतली नाही.
एका बाजूला नखानं टोचलं, बोट माझं.
दुसऱ्या बाजूला टोचलं, बसमधल्या शेजारणीचं.
बरं, त्याला आधीपासूनच नाव नव्हतं.

रात्री कोपराभोवती टॉवेल,
वरून नवऱ्याचा लग्नातला टाय, गच्च.
हात वाकवायचा नाही.
पण झोपेत आपण कुणाचं ऐकतो?
पहाटे तीनला जाग येते तेव्हा तो दुमडून छातीशी,
टाय उशीखाली.
उठून थर्मामीटर झटकावा तसा झटकते
आणि पारा कुठेच जात नाही.

फोन कानाला लावायचा नाही.
म्हणून इचलकरंजीहून वासंती आता स्पीकरवर बोलते,
आणि इतक्या वर्षांनी माझ्या नवऱ्याला कळलं
की तिच्या मते तो पहिल्यापासून चिक्कू.
तो पेपर वाचत बसतो.
पान उलटत नाही.

मार्चात माझाच चेक परत आला.
सही जुळत नाही.
टेबलापलीकडे मयंक. त्याला मीच शिकवलेलं :
अक्षर सोड, शेपटी बघ,
माणूस शेपटीत सापडतो.
तो उठून उभा राहिला,
"मॅडम, नवा नमुना देऊन जा ने."
तीन सह्या केल्या. तिन्ही तीन बायकांच्या.
त्यानं जराशी मान खाली घालून
मधली ठेवून घेतली.

कुणाला सांगितलं नाही ते उत्तरायणाचं.
गच्चीवर हेलीची फिरकी धरून उभी होते.
वारा चांगला होता, ती ढील देत होती, मी वर बघत होते.
"आंटी, लोही!"
मांजा करंगळीत उतरलेला,
आणि दोरा गुलाबी होत
सुरसागरच्या दिशेनं वर चाललेला,
मला न विचारता.
हळद आणली, कुणी रुमाल, कुणी पाणी.
फार दुखतंय का?
हो म्हटलं.
तेवढं सोपं होतं.

आता म्हणतात, नस खोबणीतून उचलू,
पुढे सरकवून स्नायूखाली ठेवू.
नव्या जागी सेट थई जशे.
मला आजेसासूबाई आठवतात,
साताऱ्याहून इकडे आणल्या तेव्हा नऊ वर्षांच्या;
शेवटपर्यंत भाजीवाल्याशी मराठीत भांडल्या,
आणि भाव मात्र बरोबर करून घेतला.
सेट झाल्या म्हणायचं की काय, ठाऊक नाही.

आणि ऑपरेशननंतर, डॉक्टर म्हणाले,
काही महिन्यांनी मुंग्या परत येतील.
घाबरायचं नाही.
ती चांगली खूण.

तारीख घेतलेली नाही अजून.
दुपारी चहा करताना चमचा निसटला, साखर सांडली.
तशीच राहू दिली.
आता ओट्यावर रांग लागलीये, डब्यामागून, बारीक, काळी.
मी करंगळी मधे आडवी ठेवून बघते.
पहिली थांबते,
मिशा हलवते,
आणि वळसा घालून जाते.