प्रश्न सातवा

सोहारला सकाळी सहालाच ऊन पांढरं होतं.
व्हॅननं आम्हा अकरा जणांना दवाखान्यापाशी उतरवलं,
सगळे चाळिशीच्या आतले,
सगळे रात्री नऊपासून उपाशी,
आणि कुणीच म्हणेना की परकारमुळे आलोय.

मुश्ताक परकार, वेल्डर, वय चौतीस.
मार्चमध्ये एका पहाटे शिफ्टला उठला नाही.
त्याच्या कागदांवर सह्या मी केल्या, पाच ठिकाणी.
कार्गोच्या पावतीवर वजन लिहिलेलं होतं.
ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

फॉर्मवर सातवा प्रश्न :
घरात कुणाला हृदयविकार? कितव्या वर्षी?

आमच्या घरात हृदयविकार नाही.
आमच्या घरात पित्त आहे.
तात्यांना त्या रात्री पित्त झालं,
आईनं आमसुलाचं पाणी दिलं, पाठ चोळली,
ते म्हणाले, खांदा भरून आलाय, दुपारी गोण्या उचलल्या ना.
उजाडेपर्यंत संपलं.
बेचाळीस त्यांचं, माझी सातवी.
चोवीस वर्षं आम्ही आमसुलं जपून वापरतो.

फोन लावला. तिकडे साडेसात.
"आई, तात्यांना घाम आला होता का गं?"
बराच वेळ नुसता कुकर ऐकू आला.
"सदरा पिळून निघेल इतका," ती म्हणाली.
मग म्हणाली, "पण उकडतही होतं रे."

लिजी सिस्टरनं छातीवरचे केस जरा भादरले.
थंडगार जेल, सहा टिकल्या, हातापायांना चिमटे.
"हलू नका. बोलू नका."
यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद सरकत आला,
डोंगर, सपाटी, डोंगर,
चित्रकलेच्या वहीत काढायचो तसे,
फक्त मधे सूर्य काढायचा राहिलेला.

दुपारी रिपोर्ट. कागद चांगला, रक्त नाही.
डॉक्टर बलुशींनी विचारलं, "सिगारेट?"
"दोन."
ते बघत राहिले.
"सात."
मग सातव्या प्रश्नापुढचं खोडलेलं 'नाही'
आणि त्यावर लिहिलेलं 'बेचाळीस'
त्यांनी बोटानं दोनदा ठोकलं, दारावर ठोकतात तसं.
छोटी गोळी, रात्रीची. तीन महिन्यांनी पुन्हा.

खोलीत परकारची कॉट अजून तशीच,
गादी गुंडाळून उभी.
गोळ्यांची पट्टी कुठे ठेवू कळेना, त्याच्या फळीवर ठेवली.

धाकट्याला मेसेज केला : तूही तपासून घे,
तेहतीस म्हणजे लहान नाही आता.
त्याचं उत्तर आलं : मला काय धाड भरलीय?
जरा पित्त वाढलंय, एवढंच.

रिंग जातेय.