पाचवं रीळ

भात कापून झालेल्या शेतात आम्ही बांबू रोवतो,
काळ्या काठाचं कापड ताणून बांधतो,
कोंग शिव्या देत ट्रकमधला जनरेटर सुरू करतो
आणि मी माइकसमोर मांडी घालतो.
नायिका मी, तिचा बाप मी, भिक्खूही मीच,
कुत्र्याचं भुंकणंसुद्धा माझं.
एका तोंडात एकवीस माणसं, पगार एकाचा.

सिनेमा फी-पॉबचा.
इसानच्या खेड्यांत दुसरं काही चालतच नाही.
ती माणसात शिरते, आतून कलेजी खाते,
सकाळी माणूस अंथरुणातच संपलेला.
ती खायला लागली की मी माइकपाशी
कैरी खातो, मीठ-मिरची लावून, करकर आवाज करत.
पुढच्या चटईवरची पोरं आयांच्या कुशीत.
आणि किंचाळी! ती तर माझी नावाजलेली.
श्वास बाहेर सोडत नाही मी, आत ओढत किंचाळतो.
तिच्या जोरावर मालकाच्या जंताच्या गोळ्या खपतात:
पाचवं रीळ संपलं की सिनेमा थांबतो,
दिवे लागतात, पेटी उघडते.
घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही.

बान नोंगसायला, त्याच रिळात,
मला पाय दिसले.
कापडाच्या खालच्या काठाखाली,
पडद्याच्या मागे,
अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल वाळलेला.
वर मशाली घेऊन गाव धावत होतं.
खाली ते दोन पाय, उभे.

कुठल्याशा देशात म्हणे भुताचे पाय उलटे असतात.
हे सुलटे होते. बोटं माझ्याकडे.
आमच्याकडे पाय कोण बघतो?
आमच्याकडे नजर बघतात. चुकवली, की तीच.

"ब्वालाय आहे," भाजलेलं माकूळ विकणारी बाई म्हणाली,
निखारे फुंकत, मान वर न करता.
"तळ्यापलीकडे असते.
एका उन्हाळ्यात तिघं झोपेत गेले.
मांत्रिकानं बोट दाखवलं. घर जाळलं.
झाली की तीसेक वर्षं."
तीस वर्षं कुणी डोळ्यांत बघितलं नाही
तर बाईनं नजर ठेवावी कुठं?

तिकडून सगळं उलटं दिसत असणार.
नायक डावखुरा, पाटीवरची अक्षरं पाठमोरी,
देऊळ नदीच्या भलत्याच काठाला.
आग मात्र दोन्हीकडून सारखीच.

"जाळा!" मी ओरडलो, गावप्रमुख होऊन.
"जाळा!" ओरडलो, बारा माणसं होऊन.
मग श्वास आत ओढला.
टाळ्या पडल्या.
पाय हलले नाहीत.

चटया गुंडाळून लोक गेल्यावर ती आली,
पिवळा बाम मागायला.
नाणी माझ्या हातात दिली नाहीत,
ट्रकच्या फळीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली,
सवयीनं.
डबीकडेच बघत म्हणाली,
"आवाज बरा आहे तुझा.
ओरडणं तेवढं चुकलं."
मी विचारलं, कसं?
"मी ब्रसुद्धा काढला नव्हता रे.
कोंबड्या आत राहिल्या होत्या.
ओरडत होत्या त्या."

दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. तेच शेत असल्यासारखं शेत.
गावप्रमुख झालो, बारा माणसं झालो,
पडद्यावर तिचं तोंड उघडलं, घशापर्यंत,
आणि मी श्वास घेतलाच नाही.
नुसता जनरेटर.
"माइक गेला!" कुणीतरी ओरडलं.
कोंगनं धावत येऊन भोंग्याला थापड मारली.
मालकानं माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मी कोंबडी काढली.
आधी एक, दाराशी घुटमळणारी.
मग सात-आठ.
लोक खदाखदा हसले.
मी थांबलो नाही. एकेक कमी करत गेलो.
हसणंही तसंच कमी होत गेलं,
शेवटी मागच्या चटईवर
एक म्हातारा उठला, टोपी हातात घेऊन
अंधारात चालू लागला.

त्या रात्री गोळ्यांच्या चारच पुड्या गेल्या.
मालकानं पगार कापला.
कैरीचेही पैसे धरले.