दुसरा टेक

डावं-उजवं करू नये म्हणतात.
माझं पोट त्याच्यावरच चालतं.

पुंता अरेनासच्या या जुन्या लोकरीच्या गोदामात
अजून मेंढ्यांचा वास आहे,
हीटर लावला की जास्त.
वारा पत्र्यावर येरझाऱ्या घालतो
आणि मी दोन स्पीकरांसमोर बसून
एका गिटारीसाठी अंगण शोधते.

इथे वडीलधाऱ्या माणसाला आदरानं 'दोन' म्हणतात.
दोन एवारिस्तो.
त्यांनी एकदाच वाजवलं,
एकदाच आणि बरोबर.

मी त्याची नक्कल काढली,
एक पार डावीकडे, एक पार उजवीकडे,
आणि डोळे मिटले.
गिटार तशीच नाकासमोर, मधोमध,
शाळेत उभ्या केलेल्या पोरासारखी हात बांधून.
सारख्याला सारख्यापासून कितीही लांब ठेवा,
मधे जागा पडत नाही.

मग उजवी नक्कल बारा मिलिसेकंद मागे ढकलली.
भिंती सरकल्या!
स्वतःवर खूश होऊन मी माते ओतला
आणि सवयीनं मोनोचं बटण दाबलं.
पोकळ. डब्यात हलवलेले खिळे.

तिकडे दूर मेंढवाड्यावर, स्वयंपाकघरात,
एदुविहेसबाईंचा रेडिओ एकाच स्पीकरचा.
नवऱ्याला त्या तिथूनच ऐकणार.
त्यांना मी खिळे पाठवत होते.

"पुन्हा वाजवा."
"का? चुकलं?"
"नाही. म्हणूनच."

कातरायला न येणाऱ्या मेंढीकडे बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.
वाजवलं.
या खेपेला कात्रीनं कापलेलं बोट
जरा उशिरा पोचलं,
एक श्वास जास्तीचा पडला,
आणि पत्रा धडधडला तेव्हा
ते हसले, गिटारीतल्या गिटारीतच.

पहिलं डावीकडे, दुसरं उजवीकडे.
ढोल मात्र मधेच राहू दिला,
कुणीतरी घर राखायला हवं.

आणि उघडलं.
आता खरेच दोन एवारिस्तो,
एक किंचित घाईतला, एक किंचित दमलेला,
आणि दोघांच्या मधे
एवढी जागा, की खुर्ची टाकून बसावं.

मोनो दाबलं.
दोघे बाकावर खेटून बसले.
कुणी नाहीसं झालं नाही.

टोपी घालता घालता त्यांनी विचारलं,
"यातलं खरं कुठलं?"
म्हटलं, "बाईंना विचारा."
म्हणाले, "ती म्हणेल, दोन्हींत तिसरी तार उतरलीय."

ते गेल्यावर पुन्हा लावून ऐकलं.
उतरलेलीच होती.