मुंग्या

"मशीनीक हात लायलंय काय मुंग्यो येतत,"
सुलभाकाकी खवणेकर सांगतात,
घरची मांजर जरा ओरबाडते म्हणून सांगावं तसं.
निवतीतलं हे सगळं घर रबरी चपला घालून कपडे धुतं.
एक जोड पाहुण्यांसाठी, मशीनपाशीच.

काकी, मुंग्या नव्हेत त्या.

टेस्टर आधी चालू प्लगवर.
मग मेन पाडून त्याच प्लगवर.
मग कुंपण ओलांडून शेजारच्यांच्या चालू प्लगवर पुन्हा.
इनास रॉड्रिग्जच्या हाताखाली सात वर्षं काढली मी.
तो म्हणायचा, मेलेला टेस्टर
सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो.

बोर्डात पालीची दोन अंडी, एक फुटलेलं.
तांब्यावर हिरवा कळंक.
पितळी स्क्रूच्या जागी लोखंडी, तो गंजून वायरीला असा धरून बसलेला
की मोडेल पण सुटणार नाही,
भावकीतल्या दाव्यासारखा.

हिरवी वायर मात्र नवी कोरी. बरं वाटलं.
तिचा माग काढत गेले:
पडवी, कोनाडा, न्हाणीघराची मागची भिंत.
तिथे जांभ्यात ठोकलेल्या एका खिळ्याला
ती गुंडाळलेली.
खिळ्यावर पंचांग.

"अर्थिंग दिल्यान. पाचशे रुपये घेतल्यान."

यंत्रं सगळी काढून मेगर फिरवला.
माजघराची लाइन चाळीस.
न्हाणीघराची अर्धा.
अर्ध्यावर मी सही करत नाही, काकी.
ती वायर उपटायची, मुहूर्त न बघता.

माडापलीकडे जांभा फोडायला दोन दिवस गेले.
पुरुषभर खड्डा, तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ.
ज्या मिठाने वरचे स्क्रू खाल्ले
तेच पाटीभर खाली ओतताना
दरवेळी मला थोडं हसू येतं.
वैशाखात जमीन तडकते.
माडाला शिंपाल तेव्हा इथेही एक कळशी.

आणि हा डबा, तीस मिलीअँपिअरचा.
पिवळं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.
पडलाच पाहिजे.
नाही पडला तर मला फोन, रात्र असली तरी.

काकींनी दाबलं.
पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली,
आणि इतका वेळ घरात नसलेला समुद्र
ऐकू आला.

पुन्हा चढवला. आधी मी मीटर लावला,
मग त्यांना म्हटलं, आता बघा.
त्यांनी चपला काढल्या.
हात लावला. पुन्हा लावला.
"काय्येक नाय गे,"
म्हणाल्या, जरा हिरमुसल्यासारख्या.