येताना मापाचे बूट आणू नका

येताना मापाचे बूट आणू नका.
तुम्हाला पाठवलेला फोटो चार महिन्यांपूर्वीचा आहे
आणि फोटोत पाय कुणीच घेत नाही.
माझ्या जिन्याखाली कपाट आहे,
बावीस वर्षांत न बसलेले बूट तिथेच राहिले:
त्रिएस्तेचे, लियाँचे, बर्गेनचे.
एखादा जोड निघतोच.

बोगोता उंचावर आहे. पहिले दोन दिवस
जिना सावकाश चढा,
मधेच थांबलात तरी मी बघणार नाही.
डोकं धरेल. त्यावर गुळाचं गरम पाणी देते,
लिंबू पिळून. गोळ्या नंतर.

कागदांच्या तीन प्रती, तीन वेगळ्या पिशव्यांत.
शिक्क्याचा मूळ कागद अंगावर, पोटाशी.
इवो तो टॅक्सीत विसरला होता.
टॅक्सीवाला रात्री अकराला परत आला,
बायकोलाही घेऊन आला, बाळ बघायला.
बाळ अजून यायचं होतं.
मग सगळ्यांनी सूप प्यायलं.

भेटीच्या दिवशी अत्तर लावू नका.
फुगे नकोत. ते भलंमोठं कापसाचं अस्वल तर नकोच,
आधी तुम्ही दिसू द्या त्याला.
चार शब्द पाठ करा:
शू, दुखतंय, पुरे, इथेच आहे.
'आई' म्हणायला शिकवू नका लगेच.
तो शब्द त्यानं वापरलेला असतो,
कधीतरी, कुणासाठीतरी.

उशीखाली पाव सापडेल. राहू द्या.
शिळा झाला की मी गुपचूप ताजा ठेवते.
पाव नाहीसा होऊ शकतो
हे त्याला माझ्या घरात कळता कामा नये.

येइसन नऊ रात्री पलंगाखाली झोपला.
लोरेदाना वर, जागी, हात खाली सोडून.
दहाव्या रात्री इवो खाली सरकला,
सहा फुटी माणूस, मावणार कसा.
सकाळी कॉफी घेऊन गेले तर
पलंगाबाहेर चार तळवे,
दोन मोठे, दोन लहान,
टेकलेले नव्हते एकमेकांना. पण जवळ होते.

तो ज्या कपड्यांत येईल ते धुऊ नका.
हे कळवळून सांगते, कारण इथे मी चुकले आहे.
चार वर्षांच्या दाइराचा झगा
मी भिजवला, निळ्या साबणाच्या वडीनं घासघास घासला,
दोरीवर टाकला.
ती दोरीखाली बसून राहिली अंधार पडेपर्यंत.
रडली असती तर बरं झालं असतं.

मागच्या मार्चमध्ये दारात उभी, तेवीस वर्षांची,
बर्गेनहून, पाठीवर सॅक, आमची भाषा पार पुसलेली.
माझा चेहरा तिला आठवला नाही.
मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेली,
वडी उचलली, नाकाशी धरली
आणि खाली ठेवीचना.
मला माफी मागायची होती. कुठल्या भाषेत?
जाताना सहा वड्या घेऊन गेली.

तर कपडे पिशवीत घाला, गाठ मारा.
घरी पोचल्यावरही सोडू नका.
त्यानं मागितली की द्या.
नाहीच मागितली, तर माळ्यावर पडू दे,
खायला मागत नाही ती.

विमान वर चढताना चघळायला काही द्या, कान दुखतात.
खिडकी त्याची.
पडदा उघडा की बंद, तेही त्यालाच ठरवू दे.
खाली शहर लहान होत जाईल,
तेव्हा 'बघ, किती सुंदर' म्हणू नका.

आणि हो, गरम पाणी सकाळी सहा ते आठ.
किल्ली दोनदा फिरवायची, दार जरा उचलून धरून.
निघायच्या आदल्या दिवशी फोन करा.
कुत्रा चावत नाही, पण बांधून ठेवते.