काचेचं माप

बेलफास्टात भिंतीच्या दोन्ही अंगांना
फर्गल मकॅनल्टी खिडक्यांना काचा बसवतो.
काय काय आत आलंय, पाठ आहे त्याला:
अर्ध्या विटा, स्नूकरचा चेंडू,
एकदा तर बर्फ झालेला बटाटा.

मिसेस बेअर्ड म्हणतात, त्यांच्या पोपची शिकवण.
पलीकडे ओर्ला म्हणते, त्यांच्या पाद्र्याची.

फर्गल पुट्टी मळतो.
वीट उलटीपालटी करून बघतो:
वचन नाही, क्रूस नाही,
ओल्या मातीत बोटं उमटलीत.
बारीक आहेत. दहा-बारा वर्षांची.

गुरुवारी रात्री त्याचीच खिडकी गेली.
अनवाणी, केरसुणी घेऊन तो वाकला
आणि दिवा लावायच्या आधीच
तोंडातून निघालं,
"तेच असणार."