दहाबोचा सूगो

कांद्याला घाई करायची नाही, म्हणते दहाबो,
आणि खिमा टाकते. चर्र.
मर्काच्या समुद्रावरचा वारा घरात येतो,
जिरं, वेलची, लवंग अंगाला फासून
गल्लीभर हिंडत राहतो.

तिचे वडील आचारी होते,
इटालियन साहेबाच्या केळीच्या मळ्यावर.
साहेबाला मसाला चालत नसे.
उरलंसुरलं पातेलं रात्री घरी यायचं, फिक्कट,
आई त्यात चिमूट चिमूट हवाश घालायची,
चाखायची.
‘आता झालं आपलं.’

केळी मात्र कधीच घरी आली नाहीत.
घडन् घड मोजून बोटीत चढायचे.

टोमॅटो आटलाय. कडेनं तेल सुटलंय.
वर्सामे दोनदा डोकावून गेला.
स्पॅगेटीवर सूगो ओतून
दहाबो प्रत्येक ताटाच्या काठाला केळं ठेवते.
वर्सामेच्या, दोन.